पेपरवरची चार नावं

माझ्या नावावर अकरा सायटेशन आहेत, म्हणजे माझ्या पेपरचा अकरा वेळा कुणीतरी संदर्भ दिला आहे. त्यांतली सहा माझी मीच दिलेली, तीन माझ्या पीएचडीच्या गाइडच्या विद्यार्थ्यांनी गुरुदक्षिणा म्हणून दिलेली. उरलेली दोन कोणाची, ते मी अजून शोधतो आहे. पारनेरच्या कॉलेजात बावीस वर्षं फिजिक्स शिकवून जमवलेली ही पुंजी. दर सोमवारी सकाळी कॉम्प्युटरवर मी हा आकडा बघतो. तो हलत नाही. हलला तरी सांगणार कोणाला, हा प्रश्न आहेच, पण बघायची खोड काही जात नाही.

ज्या पेपरची ही अकरा, त्यावर चार नावं आहेत. पहिलं गाइडचं, दुसरं माझं, तिसरं प्राचार्यांचं, चौथं गाइडच्या एका मित्राचं. प्राचार्य प्रयोगशाळेत एकदाच आले होते, पंखा बंद असल्याची तक्रार केली म्हणून. मित्राला मी आजवर पाहिलेलं नाही. काम केलं ते मी आणि लॅबमधल्या मामांनी. शिपाई असो की लॅबमधला माणूस, कॉलेजात सगळेच मामा. मीही मामाच म्हणायचो. काचेच्या पट्ट्यांवर आम्ही ऑक्साइडचा पातळ थर चढवायचो. लाइटचा भरवसा नसायचा, म्हणून भट्टी तापली की मामा जेवणाचा डबा बाजूला सारून तापमानाच्या काट्यावर नजर ठेवायचे. 'आज रीडिंग किती आलं, सर?' असं विचारणारा जगात तो एकच माणूस. ते रिटायर झाले आणि त्यानंतर मला कोणी काही विचारलं नाही.

गेल्या महिन्यात दुसऱ्या विद्यापीठातल्या एका संशोधक मुलीची मेल आली. ती चुकून माझ्याकडे आली असावी असंच मला आधी वाटलं. तुमच्यासारखा थर आम्हाला जमत नाही, सोलून निघतो, तुम्ही काच नेमकी कशी साफ केली, असं तिनं विचारलं होतं. पेपरात मी लिहिलं होतं की काच नेहमीच्या पद्धतीनं आम्लानं धुतली. ते खोटं होतं. आम्लानं धुतलेल्या काचेवर आमचेही थर टिकत नव्हते. मग मामांनी राजूरच्या घरून भाताच्या तुसाची राख आणली आणि भांडी घासावीत तशा पट्ट्या घासल्या. थर बसला. इंग्रजी पेपरात राख लिहायची मला लाज वाटली. आता खरं सांगावं म्हटलं, तर राख ओली की कोरडी, किती वेळ घासायची, मला काहीच ठाऊक नव्हतं. मी कधी नीट बघितलंच नव्हतं.

मामांचा जुना नंबर लागेना. तेव्हा रविवारी एसटीनं संगमनेर, अकोले करत राजूर गाठलं. स्टँडवरच्या टपरीवाल्याला मामांचं घर विचारलं.

"नाव काय त्यांचं?" तो म्हणाला.

"मामा," एवढंच मला सांगता आलं. पारनेरला कॉलेजात होते, उंच आहेत, डाव्या हातावर भाजल्याचा डाग आहे, एवढं सांगितल्यावर त्यानं घर दाखवलं.

मामा थकलेत. मला बघून त्यांना मनापासून आनंद झाला, याचंच मला वाईट वाटलं. राख आधी कोरडी, मग ओली, हात मात्र हलका, हे त्यांनी एका ताटलीवर करून दाखवलं आणि मी वहीत उतरवून घेतलं. मग त्यांनी ट्रंकेतून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेली पेपरची प्रत काढली. मीच कधीतरी दिलेली.

"नातीला वाचाय लावलं हुतं," ते म्हणाले. "ती म्हनली, आजोबा, तुमचं नाव न्हाई यात. म्या म्हनलं, इंग्रजीत हाय, तुला सापडंना."

मी खिशातला पेन काढला. चार नावांच्या शेजारी निदान या प्रतीवर तरी पाचवं लिहावं, आणि त्या मुलीलाही कळवावं की ही पद्धत अमक्यांची आहे. पेन टेकवला आणि पुन्हा स्टँडवरच्यासारखा अडलो.

"मामा, तुमचं पूर्ण नाव काय?"

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

"तुमाला ठावंच न्हाई व्हय," ते म्हणाले. "मला वाटायचं, तुमी मुद्दाम गाळलं."

मग त्यांनी सांगितलं, आधी स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव, मला लिहायला वेळ मिळावा म्हणून सावकाश.