मोहाची रोपं किती पाणी पितात

बी.एस्सी. झाल्यावर चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली गावाजवळच्या एका सरकारी रोपवाटिकेत मला हंगामी नोकरी लागली. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. आमच्या वस्तीतून वनस्पतिशास्त्र शिकलेली मी पहिलीच मुलगी. घरच्यांना वाटलं, पोरगी आता पंख्याखाली बसेल. माझं काम होतं डबे तोलायचं.

तेलाच्या बारा रिकाम्या डब्यांत मोहाची रोपं लावली होती. मातीवर प्लास्टिक घट्ट बांधलेलं, म्हणजे डब्यातलं पाणी उडेल ते फक्त पानांतून. रोज सकाळी डबा काट्यावर ठेवायचा आणि वजन लिहायचं. कालच्यापेक्षा जेवढं वजन कमी, तेवढं पाणी झाड प्यालं. सहा डब्यांना रोज पाणी द्यायचं, सहांचं बंद. माती वाळत गेली की झाडाचं पाणी पिणं कसं बदलतं, एवढंच पाहायचं होतं.

डबे उचलायला माझ्यासोबत वाटिकेतली जुनी मजूर बाई असायची. पन्नाशीची, तिचा नवरा गावतळ्यात मासे धरायचा. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "पोरी, झाडाले काऊन तोलून राह्यली? इकायचं हाय का?"

मी समजावलं. ती हसली, पण दुसऱ्या दिवसापासून माझ्याआधी काट्यापाशी हजर.

कोरड्या डब्यांतली रोपं पहिले दोन-तीन दिवस इतरांइतकीच प्यायली. मग एकेक दिवस कमी, आणखी कमी. आठवड्याच्या शेवटी कालच्या वजनापासून काट्याचा दांडा जेमतेम हलायचा. मला वाटलं, मेली. पण पानं हिरवी होती! माती वाळताना रोपांनी आपला खर्चच आवरला होता. पुन्हा पाणी घातलं, तरी ती लगेच घटाघटा प्यायली नाहीत. पूर्वीसारखी प्यायला त्यांना तीन-चार दिवस लागले. वहीतले ते आकडे मी कितीदा वाचले असतील!

मे महिन्यात वाटिकेची विहीर तळाला गेली. वनखात्याचे साहेब चंद्रपूरहून जीपनं आले, विहिरीत वाकून पाहिलं आणि म्हणाले, "अर्धे वाफे सोडून द्या. उरलेल्यांना रोज पाणी."

म्हणजे वर्षभर वाढवलेली अर्धी रोपं डोळ्यांदेखत वाळू द्यायची. मी कधी साहेबांपुढे तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी वही पुढे केली.

"साहेब, रोज पाणी मिळालं की ही रोपं जास्त पितात. माती थोडी वाळू दिली तर कमी पाण्यावर तगतात. सगळ्या वाफ्यांना दर चौथ्या दिवशी पाणी देऊ."

"आणि मेली तर?"

"दोन वाफे द्या मला. आठ दिवस."

त्यांनी दिले. ऊन थेट मातीवर पडू नये म्हणून बाईनं गावातून धानाची तणस, म्हणजे भाताचा पेंढा, आणली आणि वाफ्यांत रचलेल्या रोपांच्या पिशव्यांच्या मधे दाबून पसरली. पहिलं पाणी देऊन आम्ही थांबलो. तिसऱ्या दिवशी भर दुपारी साहेब न सांगता आले. दोन्ही वाफ्यांतली पानं लोंबकळत होती. शेजारचे रोज पाणी मिळणारे वाफे ताठ.

"मारलीत तुम्ही रोपं," ते म्हणाले.

मागून बाई पुढे आली. "साहेब, दुपारी तं मीबी अशीच पडते. सकाळी या ना पाहाले."

साहेब सावलीच्या विश्रामगृहात मुक्कामाला थांबले. मला झोप लागली नाही. उजाडता उजाडता मी वाटिकेत पोचले, तर बाई वाफ्याच्या कडेला उकिडवी बसून होती. तिनं नुसता हात केला. सगळी पानं उभी होती! रात्रीच्या गारव्यात मुळांनी मातीतला उरलासुरला ओलावा ओढून घेतला होता.

साहेब आले. एका रोपाचं पान बोटांत धरून बघितलं, मग दुसऱ्याचं, मग रांगच धरली. वाफ्याच्या टोकाला जाऊन वळले आणि वाटिकेच्या माळ्याला ओरडून म्हणाले, "एकही वाफा सोडायचा नाही. ही पोरगी सांगेल तसं पाणी द्या."

त्यानंतरचा महिनाभर ती वाटिका माझी होती. रोज एक चतुर्थांश वाफ्यांना पाणी, बाकीच्यांना वाट पाहायला लावायची. सकाळी फिरताना ज्याची पानं उठली नसतील त्या वाफ्याचा नंबर आधी. अशी रोपं बाईला लांबूनच कळायची. माझी वही तिच्याच बोलण्याला दुजोरा देत राहायची. काही रोपं गेली, नाही असं नाही. हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच. विहीर तळाला होती, पण पुरली.

जुलैत गडचिरोलीकडच्या लागवडीसाठी ट्रक आला. आम्ही दोघी रोपं उचलून देत होतो, वर माणूस रचत होता. ट्रक काठोकाठ भरला, तरी मागे वाफ्यांच्या रांगा उभ्याच. ड्रायव्हर खाली उतरला, कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

"बाई, एवढे झाडं एका खेपेत नाई मावत."

"मंग दुसरी मार," बाई म्हणाली, "अन् तिसरी बी मार!"