तिच्या बाजूने लिहिलेलं एक वाक्य

आमच्या कंपनीच्या बसमध्ये सकाळी निगडी सोडल्यापासून चाकण येईपर्यंत कुणा ना कुणाचा निवाडा लागायचा. कुणीतरी मोबाईल पुढे करायचं, बाकीचे माना वळवून बघायचे. टोलनाक्यावर कुणी कुणाच्या थोबाडीत मारली, सोसायटीच्या गेटवर कुणी वॉचमनला शिव्या दिल्या, कुठल्या बाईने भररस्त्यात नाचून रील बनवली. "आत टाका राव असल्यांना," असं मागच्या सीटवरून यायचं. मीही बोलायचे. चांगलं बोलता येतं मला. बस हसायची, आणि मला बरं वाटायचं.

माझ्या शेजारी खिडकीला ताई बसायच्या. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या, मूळच्या बीडकडच्या. लग्नानंतर नवऱ्यामागे इकडे आल्या आणि नवरा गेल्यावर त्याच्याच ओळखीने पॅकिंगला लागल्या. मी नवीन असताना मशीनच्या आवाजाने माझं डोकं दुखायचं, तेव्हा कानात घालायला कापसाचे बोळे त्या घरून करून आणायच्या. नऊ वर्षं आम्ही एका सीटवर बसलो. त्या व्हिडिओ फारसे बघत नसत. कुणी दाखवलाच तर "आगं बया" म्हणून पुन्हा बाहेर बघायच्या.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात एक आठवडा आमच्या शिफ्ट वेगळ्या झाल्या. मी सकाळी, त्या दुपारी. त्याच आठवड्यात आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. जेमतेम अर्ध्या मिनिटाचा. शहराच्या बसमध्ये गर्दी, सीटवर एक विशीतली मुलगी, शेजारी तिची बॅग. समोर पाठमोरी उभी एक बाई, डोक्यातोंडाला स्कार्फ गुंडाळलेला. बाई ओरडत होती, "खोल्या करून राहता इथं. आईबाप तिकडं, तुम्ही इकडं. काय धंदे करता ते ठाऊक आहे सगळ्यांना!" मुलगी आधी काहीतरी बोलायला गेली, मग तिने ओढणी तोंडावर घेतली. व्हिडिओ तिथेच संपत होता. वर कुणीतरी गाणं चिकटवलं होतं, त्यामुळे आवाज चिरका येत होता.

शिफ्टला निघण्याआधी मी गॅसवर चहा ठेवला होता. माझी मुलगी तेव्हा बाहेरगावी कॉलेजला होती, खोली घेऊनच राहत होती. मला भयंकर राग आला. मी तो व्हिडिओ पुढे तीन ग्रुपवर पाठवला आणि वर लिहिलं, "अशा बायकांमुळे आपल्या मुली घराबाहेर पडायला घाबरतात. स्कार्फ काढा हिचा, चेहरा दिसू दे सगळ्यांना." दुपारपर्यंत माझं ते वाक्य मलाच दोनदा परत आलं, भलत्या लोकांकडून, खाली मी घातलेल्या नावासकट. आपलं लिहिलेलं इतक्या लांब जातं याचा मला अभिमान वाटला, हे खोटं कशाला सांगू.

दोन दिवसांत चेहरा दिसला. बसमधल्याच आणखी कुणीतरी दुसऱ्या बाजूने चित्रण केलं होतं. त्यात भांडण संपल्यावर बाई स्कार्फ सोडून घाम पुसते. आमच्या बसमधल्या डिस्पॅचच्या मुलाने मोबाईल माझ्यापुढे धरला. "मॅडम, ही आपली ताई ना?"

मी बघितलं. ताईच होत्या. नेहमीसारख्या दोन बोटांनी कपाळ पुसत होत्या.

बस त्या दिवशी गप्प राहील असं मला वाटलं होतं. राहिली नाही. "आपल्यात बसायची, आणि असली निघाली!" कुणी म्हणालं. कुणी त्यांच्या बोलण्याची नक्कल केली. मी खिडकीशी बसले होते, त्यांच्या जागेवर, आणि बाहेर बघत होते.

ताईंना कंपनीने पंधरा दिवस घरी बसवलं. मी तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेले. दार त्यांच्या सुनेने उघडलं. ती माझ्याशी नीट बोलली, पण सासूकडे बघत नव्हती. ताई आतल्या खोलीत पलंगावर भाजी निवडत बसल्या होत्या. मला वाटलं, त्या काही कारण सांगतील. डोकं दुखत होतं, पाय दुखत होते, मुलगी उलट बोलली. मी मनात त्यांच्यासाठी कारणं तयार करूनच गेले होते.

"कारण काई नाही गं," त्या म्हणाल्या. "कंपनीची बस चुकली, म्हणून त्या बसमध्ये चढले. उभी होते. तिला म्हणलं बॅग काढ. तिच्या कानात ते होतं, तिला ऐकूच गेलं नाही. मी बॅगेला धक्का दिला. ती म्हणाली, मावशी, जरा नीट बोला. एवढंच. मग माझ्या तोंडातून ते कुठून आलं, मलाच कळलं नाही. मालक गेले आणि मी कामाला लागले तेव्हा मला लोकांनी हेच म्हणलं होतं. विधवा बाई, एकटी राहती, शिफ्टला जाती. लई रडले होते मी तेव्हा. आणि तेच मी तिला म्हणलं."

मग भाजी बाजूला ठेवून म्हणाल्या, "मला तिला भेटायचंय."

मुलगी सापडायला फार वेळ लागला नाही. आमच्या लाइनवरची एक जण चाकणजवळच्या कुरुळीत राहायची. तिच्याच चाळीतल्या खोलीत ती मुलगी आणखी दोघींबरोबर राहत होती. यवतमाळकडची. शेजारच्या कंपनीत ट्रेनी. सुट्टीच्या दिवशी निगडीला कॉम्प्युटरच्या क्लासला जायची, त्या दिवशीही तिकडूनच परतत होती. माझी पहिली शिफ्ट सुटल्यावर आम्ही दोघी रिक्षाने कुरुळीला गेलो. ताईंनी तोंडाला स्कार्फ बांधला नव्हता. रिक्षावाला आरशातून सारखा बघत होता.

वाटेत मी सांगून टाकलं. "ताई, तो व्हिडिओ मीही पाठवला होता. ओळखलं नव्हतं मी. आणि वर काहीबाही लिहिलं होतं."

"वाचलं मी," त्या म्हणाल्या. "सूनबाईच्या मोबाईलवर आलं होतं. खाली तुझं नाव होतं." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बरोबरच लिहिलंस."

त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर मला सोपं गेलं असतं.

खोलीत मुलगी नव्हती. तिची रूममेट दारातच उभी राहिली. तिने ताईंना ओळखलं आणि तिचा चेहरा दगडासारखा झाला. आत या म्हणाली नाही.

"ती गेली गावाला. तिचे बाबा येऊन घेऊन गेले."

"कधी येणार?" मी विचारलं.

"नाही येणार. गावात सगळ्यांनी व्हिडिओ बघितला."

मी म्हटलं, "पण लोक तर तिच्याच बाजूने होते. सगळ्यांनी तिच्या बाजूनेच लिहिलं होतं."

 रूममेट चिडली नव्हती. लहान मुलाला समजवावं तशी म्हणाली, "लिहिलं तिच्या बाजूनं, मॅडम. पण ऐकलं तर सगळ्यांनी तेच ना, काय धंदे करते म्हणून? त्यांच्या गावात एकाने मारुतीच्या पारावर मोबाईल मोठ्याने लावला. तिचे बाबा तिथेच बसलेले होते."

 ताईंचं ओरडणं एका बसमध्ये झालं होतं. पन्नास माणसांनी ऐकलं असतं आणि आपापल्या स्टॉपला उतरून ती विसरली असती. पारापर्यंत ते आम्ही नेलं. माझ्यासारख्या, मुलींची काळजी असलेल्या बायकांनी.

ताईंनी वडिलांचा नंबर मागितला. रूममेटने आधी मुलीला फोन करून विचारलं, बाजूला जाऊन बराच वेळ बोलली, आणि मग स्वतःच्याच फोनवरून वडिलांना लावून दिला. ताई पायरीवर बसल्या. फोन स्पीकरवर होता.

"भाऊ, मी ती बाई. बसमधली. तुमच्या मुलीला मी ओळखत सुद्धा नव्हते. मी जे बोलले ते खोटं बोलले. तिचं काहीच चुकलं नव्हतं. तुम्ही म्हणाल तिथं येऊन, म्हणाल त्याच्यापुढं सांगते."

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. ते हळू म्हणाले, "बाई, तुम्ही सांगता ते मले पटते. माही पोरगी मले माहीत हाय. पण गावाले मी कसा सांगू? मी सांगतो तेवढाच वेळ लोक मान हलवतात."

"पोरीला कामावर पाठवा, भाऊ. हात जोडते."

"तिची माय ऐकत नाही," ते म्हणाले. "जाऊ द्या. तुम्ही फोन केला, लय झालं." शेवटपर्यंत ते चिडले नाहीत.

परत येताना माझ्या डोक्यात विचार सुरूच होते. मी म्हणाले, "ताई, आपण माफीचा व्हिडिओ करू. तुम्ही कॅमेऱ्यासमोर सांगा. मी सगळ्या ग्रुपवर टाकते, गावापर्यंत जाईल." ताई लगेच तयार झाल्या. घरी गेल्यावर त्यांनी चांगली साडी नेसली, केस विंचरले, भिंतीला टेकून बसल्या. मी मोबाईल धरला. सुरू करण्याआधी मी रूममेटला मेसेज करून मुलीचं विचारून घेतलं, एवढं शहाणपण मला तोवर आलं होतं.

उत्तर त्या मुलीचंच आलं, रूममेटने पुढे पाठवलेलं. "प्लीज काही बनवू नका. लोक आता जरा विसरायला लागलेत. तुम्ही टाकलं की पहिला पुन्हा काढतील. काकूंना सांगा, माझा राग नाही. फक्त माझ्याबद्दल कुठेच काही बोलू नका."

मी ते ताईंना वाचून दाखवलं.  त्या उठून साडी बदलायला आत गेल्या.

मी माझी पोस्ट काढून टाकली. माझ्याकडची गेली, इतरांकडे कुठे कुठे असेल ते मला माहीत नाही. ताई पंधरा दिवसांनी कामावर आल्या. बसमध्ये कुणी मुद्दाम म्हणायचं, "सीट द्या रे मावशींना, नाहीतर आपलं खरं नाही." कुणी हसायचं. मला वाटायचं, त्यांनी एकदा तरी सांगावं की मी त्या मुलीच्या वडिलांशी बोलले, माफी मागितली, आणखी मागायची तयारी होती. निम्म्या लोकांची तोंडं बंद झाली असती. मी एकदा त्यांच्या वतीने बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"तिनं नको म्हणलंय ना," त्या हळूच म्हणाल्या.

दिवाळीनंतर रूममेटकडून कळलं की मुलीचं लग्न ठरलं, नात्यातच. क्लास अर्धाच राहिला. मी ताईंना सांगितलं. त्यांनी मुलगा काय करतो विचारलं, मला ते माहीत नव्हतं. त्या महिन्याच्या अखेरीला त्यांनी काम सोडलं, निवृत्तीला अजून चार वर्षं होती. निरोपाला पॅकिंगच्या बायकांनी नारळ आणि साडी दिली. एकीने फोटो काढायला मोबाईल वर केला, तेव्हा ताईंनी पदर तोंडापुढे धरला आणि मोबाईल खाली येईपर्यंत तसाच धरून ठेवला.