शिरीषाचं औषध

आत्याने जन्मभर दुसऱ्याची पोरं वाढवली. भावाची बायको बाळंतपणात गेली, दोन मुलं हिच्या गळ्यात पडली आणि स्वतःचं लग्न राहून गेलं ते गेलंच. थोरल्याचा गोवर, धाकट्याचं नापास होणं, दोघांची भांडणं, सगळं तिने निस्तरलं. भाऊ मरताना एवढंच म्हणाला, "मागची खोली ताईची." तोंडच्या शब्दाला किंमत किती असते, हे पोरं लवकरच शिकली. हुशार होती.

मागची खोली म्हणजे एक खाट, एक स्टोव्ह आणि एक खिडकी. खिडकीबाहेर शिरीषाचं झाड. दोघांना कवेत मावणार नाही एवढा बुंधा. दिवस मावळला की त्याची पानं मिटायची. "हा झोपला, आता मीही पडते," असं म्हणून आत्या दार लावून घ्यायची. सकाळी उठून पहिली बादली त्याला, दुसरी स्वतःला. नात्यातले लोक हसायचे. झाडाशी लग्न लागलंय म्हणायचे. तीही हसायची.

मग घर पाडून इमारत बांधायचं ठरलं. नकाशा तयार झाला आणि तिथेच घोडं अडलं. एवढ्या जुन्या झाडाला हात लावायला मनाई होती. उद्यान खात्याचा साहेब आला, त्याने बुंध्याभोवती चुन्याच्या फक्कीने मोठं वर्तुळ आखलं आणि सांगितलं, "याच्या आत खणायचं नाही, पाडायचं नाही, बांधायचं नाही." आत्याची अर्धी खोली त्या वर्तुळात येत होती. म्हणजे झाड उभं आहे तोवर खोलीही उभी. इमारतीची एक अख्खी बाजू मात्र गेली.

त्या दिवशी आत्या पोटभर जेवली. भावाने दिलेला शब्द पोरांनी नाही पाळला, तर झाडाने पाळला, असं तिला वाटलं.

"साहेब, झाड आपोआप वाळलं तर?" थोरल्याने फाटकाशी हळूच विचारलं.

"मेलेल्या झाडाला कसलं संरक्षण? परवानगी घ्या आणि तोडा. बदल्यात त्याच जागी नवी रोपं लावा, जगवून दाखवा," साहेब म्हणाला.

आठवड्याभरात थोरला निळं पाणी भरलेले डबे घेऊन आला. "आत्या, झाडाला कीड लागलीय. हे औषध रोज बादलीभर घाल. तुझ्या हाताला गुण आहे."

"कीड? मला कुठे दिसली नाही ती."

"मुळाशी आहे. मुळाशी असलेली दिसत नसते."

हे मात्र तो अगदी खरं बोलला.

ते तणनाशक होतं, तेही पाणी न मिसळलेलं. वासाने तिचे डोळे चुरचुरायचे. नाकाला रुमाल बांधून, कंबर धरत धरत ती बादली उचलायची. औषध कडू असायचंच, असं स्वतःला समजवायची. शेंड्याची पानं पिवळी पडली तेव्हा ती घाबरली आणि म्हणाली, "अरे, कीड वर चढतेय. आणखी डबे आण. हे गेलं तर माझी खोली गेली." थोरल्याने आणले. मागेल तितके आणले. केसाने गळा कापायचा म्हणतात तो असा, आणि तोही तिच्याच हाताने.

एका संध्याकाळी मिटायला पानंच उरली नाहीत. आत्या खाटेवर बसून राहिली. तिने दार लावलं नाही.

साहेबाने बुंधा खरवडला, माती हुंगली, डबा उलटा करून पाहिला. "हे कुणी घातलं?"

"मी," आत्या म्हणाली. "रोज. एक दिवस चुकवला नाही."

"किती वेळा सांगितलं हिला, इतकं घालू नकोस म्हणून," थोरला म्हणाला. "वय झालंय, साहेब. ऐकत नाही. हिचा हातच वाईट."

आत्याने त्याच्याकडे पाहिलं. बादलीभर म्हणाला होता, हे तिला आठवत होतं. पण अंगाखांद्यावर वाढलेलं पोर खोटं बोलेल, यापेक्षा आपलंच डोकं फिरलं असेल, हे तिला सोपं वाटलं. तिने मान खाली घातली. म्हातारीवर काय गुन्हा दाखल करायचा, म्हणून साहेबानेही ते तिथेच सोडलं. सुंठीवाचून खोकला गेला.

करवत आणि खोली पाडणारं यंत्र एकाच दिवशी आलं. आत्याला "बांधकाम होईपर्यंत" म्हणून वृद्धाश्रमात ठेवलं. बांधकाम झालं. तिला न्यायला कुणी आलं नाही.

पण झाडाच्या जागी लावलेली रोपं जगेनात. लावली की आठवड्यात माना टाकायची. रोपं हिरवी दिसल्याशिवाय राहायची परवानगी मिळणार नाही, असं साहेबाने सांगितलं. माती खोलवर बदला म्हणाला, तर तिथून पाण्याच्या टाकीची भिंत गेलेली. फ्लॅट घेतलेले लोक दारात येऊन ओरडू लागले. तेव्हा धाकट्याला एकदम आत्या आठवली. तिने लावलेलं कधी मेलं नव्हतं.

दोघे फळांची पिशवी घेऊन आश्रमात गेले. आत्या बाकावर बसली होती, हात शालीखाली. तिथल्या माळ्याने आधीच तक्रार केली की म्हातारी एकाही कुंडीला पाणी घालत नाही, जवळून जातानासुद्धा अंग चोरते.

"आत्या, घरी चल. आता तुला नवी खोली देतो. रोपं तेवढी तुझ्या हाताने वाढव," थोरला म्हणाला.

"माझ्या हाताने?" ती दचकली. "नको रे बाबा. तूच म्हणालास ना साहेबांना, हात वाईट म्हणून. खरंच आहे ते. मी नाही यायची. आणखी जीव जातील."

धाकटा पिशवीची गाठ सोडत बसला.

"तुम्ही असं करा," आत्या समजुतीने म्हणाली. "ते औषध चांगलं होतं. तू एवढ्या मायेने आणलं होतंस, ते वाईट कसं असेल? खोट माझ्यात होती. तेच आण, आणि या वेळी तुझ्या हाताने घाल."

थोरल्याने मान खाली घातली. पोराला वाईट वाटलं, असं तिला वाटलं. लहानपणी फिरवायची तसा त्याच्या डोक्यावरून फिरवायला तिने हात बाहेर काढला, अर्ध्यावर नेला आणि घाईने मागे घेऊन पुन्हा शालीखाली ठेवला.