गोलाबाहेरचा शब्द

समुद्रतळाच्या शिंपल्यांवर पांढरी जाळी चढते. दिसते शेवाळासारखी, पण ती असते बारीक प्राण्यांची वसाहत. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी हे प्राणी माझ्या उरावर बसले होते. प्रॅक्टिकलला मी एकदा आपटले होते. पुन्हा नापास तर कॉलेज बंद, असं पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये राबणाऱ्या वडिलांनी बजावलं होतं. ते दोनदा सांगणाऱ्यांतले नव्हते.

तशी तयारी चोख होती. अळी तळाशी चिकटते, तिचं आतलं सगळं विरघळतं, त्यातून पहिला जीव घडतो आणि त्याला कळ्या फुटत वसाहत वाढते. आमच्या कोसाडच्या कॉलनीसारख्या एकाला एक लागून खोल्या. खोलीला झाकण आहे की नाही, यावरून पोटगट. मुख्य वर्गीकरण मात्र एका शब्दावर अडलं होतं. तोंडाभोवती बारीक सोंडांचा गोल असतो. तोंड गोलाच्या आत, आणि आतडं वळसा घेऊन जिथे संपतं ते दार गोलाबाहेर. तेही आत असेल तर प्राण्यांचा संघच वेगळा. आमच्या गुजराती माध्यमाच्या पुस्तकात त्या दाराला ‘गुदा’ म्हटलं होतं. परीक्षेच्या सकाळी मी ते घोकत असताना वेणी घालणाऱ्या आईनं केस ओढले.

“चार लोकेसमा असं बोलतस का वं पोरी?”

झालं. मग शब्द जिभेपर्यंत यायचा आणि मागे फिरायचा.

परीक्षक वडिलांच्या वयाचे. शिंपल्याची बरणी पुढे सरकवून त्यांनी नेमका हाच फरक विचारला.

“तोंड गोलाच्या आत,” मी गुजरातीत म्हणाले, “आणि... बाहेर.”

“शुं बहार?”

पुस्तकातला शब्द सापडेना. वडिलांचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि तोंडून भलताच शब्द निसटला. मिलमधलं मशीन बंद पडलं की कारागीर ज्या शब्दानं त्याचा उद्धार करतात तो. तो दोन्ही भाषांत एकच आहे. मागच्या मुली फिसकन हसल्या. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

परीक्षकांनी चष्मा पुसला. “जवाब साचो छे, बेन. शब्द चोपडीनो वापरजो.”

मी पास झाले. वडील न सांगता पेढे घेऊन आले. आईला शेजारी सांगायची घाई.

“काय इचारं तुले?”

“शेवाळाचं,” मी म्हणाले.

पोर शेवाळावर पास झाली, हे तिनं सगळ्या कॉलनीला सांगितलं. ते प्राणी आहेत, एवढंही सांगायची माझी छाती झाली नाही. तिनं पुढचं विचारलंच असतं.