शेठची कंपनी गिळायला निघालेली डोंबिवलीची पार्टी

हसायचं असेल तर आधी चहा गिळून घ्या. मागच्या वेळी नाक्यावर हा किस्सा सांगितला, तर एकाच्या नाकातून चहा आला आणि त्याच्या शर्टाची धुलाई माझ्या माथी पडली.

तर ऐका. दुसऱ्यासाठी खड्डा खणून त्यात स्वतः पडणारे तुम्ही पुष्कळ पाहिले असतील. पण खड्डा खणून, त्यावर तिकीट लावून, बायकोच्या पैशाने पहिलं तिकीट स्वतःच काढणारा माणूस पाहिलाय? नाही ना? मग बघून घ्या. समोर बसलाय.

मी दत्ताराम जाधव. शिक्षण सातवी, तीही मास्तर कंटाळले म्हणून. जन्म गेला ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात, लेथ मशीनवर. पाण्याचे व्हॉल्व्ह बनवायचो. कंपनी एवढीशी, पण शेअर बाजारात नाव लागलेली. शेठना त्याचा केवढा अभिमान! भाव बघाल तर वडापावशी शर्यत, आणि त्यात वडापाव पुढे.

शेठ तसे देवमाणूस. देवासारखेच, फक्त घेतात. कॅन्टीनचा पंखा स्वतः येऊन बंद करायचे. खंडेनवमीला तिथे मशीनची पूजा असते, आम्हा रिटायर मंडळींनाही आमंत्रण असतं. मशीनला झेंडूचा हार अख्खा आणि माणसाला पेढा अर्धा! सुरीने कापलेला! माझं मशीन नशीबवान, मी नाही.

यंदा त्या अर्ध्या पेढ्याने माझं डोकं फिरलं. म्हटलं, शेठना थोडा व्यायाम देऊ. शेजारी जाऊन बसलो.

"शेठ, एक कानावर आलंय. सांगू की नको?"

"बोल ना दत्तू."

"आमच्या डोंबिवलीत एक पार्टी आहे. गुपचूप तुमच्या कंपनीचे शेअर गोळा करतेय. कंपनीच गिळणार म्हणतात."

शेठचा हात तोंडाशी थांबला. "कोण पार्टी?"

"नाव नाय कळलं. पण मोठी आहे. पैशाला पैसा समजत नाय."

अहो, पार्टी कसली न काय कसली! डोंबिवलीत मी राहतो म्हणून डोंबिवली. बाळकुमला राहत असतो तर बाळकुमची पार्टी झाली असती. पण शेठचा चेहरा असा पडला की मी घरी येईपर्यंत एकटाच हसत होतो. रिक्षावाला दोनदा मागे वळून बघायला लागला.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. सुनंदा तिचं नाव. ती नाही हसली.

"अहो, म्हाताऱ्या माणसाचा जीव टांगणीला लावून आलात. एक दिवस अंगाशी येईल बरं."

"माझ्या अंगाला तेल लावलंय," म्हटलं, "काही चिकटत नाय."

पैलवानसुद्धा एवढा माज करत नाही. असो.

आता दुसरं पात्र. आमच्या बिल्डिंगमधले गद्रे. बँकेतून रिटायर. सकाळी बागेत सगळे फिरायला येतात, हे लॅपटॉप फिरवायला आणतात. बाकावर बसून शेअर चाळतात. शुद्ध बोलतात, इतकं शुद्ध की ऐकताना आपण चपला काढाव्यात असं वाटतं.

"दत्ताराम, मी भावनेवर चालत नाही. मी चाळणीवर चालतो. हजारो कंपन्या वरून ओतायच्या. पहिली चाळणी, भाव गेल्या दोनशे दिवसांच्या सरासरीच्या वर हवा. दुसरी, उलाढाल एकाएकी वाढलेली हवी. तिसरी सर्वांत बारीक. मालक स्वतःच्या खिशातून स्वतःच्याच कंपनीचे शेअर घेत असला पाहिजे. त्याला ते बाजारात जाहीर करावं लागतं."

"आणि घेतले तर काय होतं?"

"हलवाई स्वतःच्या दुकानातली मिठाई घरी नेऊ लागला, की समजावं तूप अस्सल आहे. आतल्या माणसाला आतलं कळतं!"

मी वर्षभर त्यांची टिंगल केली. "गद्रे, चाळणीत आज काय उरलं? खडे की सोंडे?" असं रोज विचारायचो. बिचारे चष्मा पुसायचे.

आणि दिवाळी झाल्यावर एका सकाळी गद्रे बाकावरून ताडकन उठले. "दत्ताराम! तिन्ही चाळण्यांतून आज एकच कंपनी उरली. वागळे इस्टेटमधली. व्हॉल्व्ह बनवते. मालक सपाटून घेतोय!"

आमची कंपनी!

थांबा, तुम्ही काय म्हणणार ते मला माहितीय. अरे गाढवा, ही तर तुझीच थाप फिरून आली! आता मलाही दिसतं हो. पण तेव्हा माझं डोकं कसं चाललं ते ऐका, आणि मग गाढव म्हणा.

मी म्हटलं, गद्रेंना चाळणी कळते, मला शेठ कळतात. जो माणूस पेढा कापून देतो, तो माझ्या एका थापेवर पाकीट उघडेल? शक्य आहे का? शेठ खरेदी करतायत म्हणजे आत कसलीतरी जबर ऑर्डर आलीय. सरकारी असणार. आखातातली असणार! मी जितका त्यांचा चिकटपणा आठवत गेलो, तितकी माझी खात्री पक्की होत गेली. याला म्हणतात आतली माहिती.

प्रश्न पैशांचा. पैसे सुनंदाकडे होते. भिशीचे. तिचा स्वयंपाकघरातला ओटा मधोमध तडकलाय, फटीत पीठ जातं, पिठाला मुंग्या येतात. नव्या ओट्यासाठी कितीतरी वर्षं ती भिशी लावत होती. मुलीने तिच्या नावावर शेअरचं खातंही उघडून दिलेलं, ते तसंच पडून होतं.

"सुनंदा, साधा काळा दगड कशाला? दोन महिने थांब, चमचमणारा ग्रॅनाइट घालतो. राणी दिसशील ओट्यासमोर."

"मला राणी नको. मुंग्या नकोत."

"शेठ स्वतः घेतायत!"

"अहो, पण त्यांना तुम्हीच ना त्या दिवशी..."

"तुला बाजारातलं काय कळतं?" म्हटलं मी. म्हटलं हो! सातवी पास माणूस काल शिकला आणि आज बायकोला शिकवतोय.

घेतले. गद्रेंनी घेतले. बाकावरच्या बाकीच्यांनी घेतले. ज्या शेअरला कुत्रं हुंगत नव्हतं त्याचा भाव चढायला लागला. गद्रे सांगायचे, "मालकाने आणखी घेतले!" की आम्ही आणखी घ्यायचो. आम्ही घेतले की चार दिवसांनी मालक पुन्हा घ्यायचा. जणू काय आमची जुगलबंदीच! भिशी संपली तेव्हा मी माझी ठेव मोडून सुनंदाच्या खात्यात ओतली.

आणि माझा रुबाब? विचारू नका. गद्रेंच्या बाकावर मी बसायला लागलो, गद्रे कोपऱ्यात. कोणाचा तरी साडू कल्याणहून माझा सल्ला घ्यायला आलेला. मी त्याला मान हलवून सांगितलं, "आतल्या माणसाकडे लक्ष ठेवा."

जानेवारीत शेठचा फोन. "दत्तू, जरा ये रे. एकटा ये."

मी खूश! म्हटलं, ऑर्डरचं सांगणार. इस्त्रीचा शर्ट घालून वागळे इस्टेटला गेलेलो. केबिनमध्ये शेठ अर्धे झालेले. टेबलावर बीपीच्या गोळ्या. आणि पंखा चालू! जानेवारीत!

"दत्तू, तू सांगितलंस तेच खरं निघालं. डोंबिवलीची पार्टी."

"कुठली पार्टी?"

"अरे, तूच नाही का खंडेनवमीला बोललास? मी घाबरलो आणि आपलेच शेअर घ्यायला लागलो, कंपनी हातची जायला नको म्हणून. पण मी घेतले की ती पार्टी पण घेते! नवीन मशीनला पैसे ठेवलेले, सगळे ह्यात गेले. परवा आमच्या अकाउंटवाल्याने शेअरवाल्यांची यादी काढून शोध लावला." शेठ पुढे वाकले. "बाई आहे."

"बाई?"

"सुनंदा जाधव. नाव खोटं असणार. इतकी साधी नावं खोटीच असतात. पाठीमागे कोणीतरी बडा बसलाय. एकदम पोचलेला."

बडा समोर बसून रुमालाने मान पुसत होता.

"तू डोंबिवलीचा. जाऊन भेट तिला. माझ्यातर्फे हात जोड. म्हणावं, म्हाताऱ्याला सोड."

"बघतो शेठ," म्हटलं आणि निघालो.

घरी सुनंदा त्याच तडकलेल्या ओट्यावर भाकऱ्या थापत होती. मी खरोखर हात जोडून उभा राहिलो. "बाई, शेठनी निरोप दिलाय. म्हाताऱ्याला सोडा."

सगळं सांगितलं. तिने भाकरी तव्यावर टाकली, हातावरचं पीठ झाडलं.

"म्हणजे इतके दिवस मी कंपनी घेत होते?"

"हो."

"मुंग्यांमध्ये उभी राहून?"

"हो."

तिला हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग एकदम गंभीर झाली. "त्या माणसाचा बीपी वाढलाय ना? आधी त्यांच्या जिवाला शांती द्या. बाकीचं मागाहून."

मला इतकं हलकं वाटलं की त्याच पावली फोन लावला. "शेठ! काम फत्ते! बाई हटली. पुन्हा तुमच्या कंपनीकडे बघणार नाही!"

"पक्कं?"

"माझ्या शब्दावर."

शेठ फोनवर रडलेच. मीही थोडा रडलो. मग ऐटीत बागेत जाऊन गद्रेंना सगळं सांगितलं. गद्रेंनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता काढला.

"दत्ताराम, या शेअरचं बाजारात खरं गिऱ्हाईक कोण होतं?"

"शेठ."

"आणि तुम्ही त्यांना काय सांगितलंत?"

"की आता घ्यायची गरज नाय..."

"तुमचे विकून झाले होते का?"

अरे देवा! बाजारातल्या एकुलत्या एका गिऱ्हाइकाला मी स्वतःच्या तोंडाने घरी पाठवलेलं! शेठनी दुसऱ्या दिवसापासून खरेदी बंद केली आणि भाव घसरगुंडीवर बसला. विकायला गेलो तर घ्यायला कोणी नाही. बाकावर पुन्हा गद्रे बसतात. मला कोपरासुद्धा मिळत नाही. कल्याणचा साडू अजून माझा पत्ता शोधतोय, कोणी विचारलं तर सांगू नका.

आठवड्याभराने शेठचा माणूस घरी आला. छोटा डबा. उघडला तर आत पेढे, दोन. आणि अख्खे! शेठच्या हातून अख्खा पेढा सुटल्याचं वागळे इस्टेटने कधी पाहिलेलं नाही.

"शेठनी सांगितलंय," तो म्हणाला, "एक तुमचा. आणि एक त्या बाईंना तेवढा पोचता करा."

सुनंदाने डबा घेतला, ओट्यावर ठेवला, सुरी काढली. एक पेढा तिने अख्खा खाल्ला. दुसरा मधोमध कापला आणि अर्धा माझ्या हातावर ठेवला. उरलेला अर्धा फटीजवळ ठेवून दिला.

"हा कोणाला?" मी विचारलं.

"मुंग्यांना," ती म्हणाली. "तुमच्या कृपेने त्यांचाच मुक्काम वाढलाय."