वरच्या मजल्यावरचा रियाज

"गाणं लिहिणारा जिवंत असतानाच ते गायला हवं, काकू. मेल्यावर काय, सगळेच गातात," असं म्हणून ती हनुवटी वर करायची.

लक्ष्मीबाई नगरात आमच्या वरच्या क्वार्टरमध्ये ती भावाकडे राहायची. पाश्चात्य गाणं शिकलेली, आवाज असा उंच की काचा थरथराव्यात. जुनं, ओळखीचं गायली असती तर लोकांनी डोक्यावर घेतलं असतं. पण हिला कालपरवा लिहिलेलंच हवं. आणि हल्लीचे लोक काय लिहितात, विचारू नका! किंचाळ्या, हुंदके, कुणाचा जीव घेताहेत असे आवाज. समोरच्या भाभींनी एकदा पोलीसच बोलावले. हिने हवालदाराला खुर्चीत बसवून अख्खं गाणं ऐकवलं. तो हात जोडून म्हणाला, "बस मैडम, मान गए."

तेव्हापासून किंचाळी आली की सगळे म्हणायचे, रियाज चाललाय.

एका शुक्रवारी कस्तुरबा गांधी मार्गावर तिचा कार्यक्रम होता. एका तरुण मुलीने खास हिच्या गळ्यासाठी लिहिलेलं गाणं ही पहिल्यांदाच गाणार होती. नेमकं त्याच संध्याकाळी भावाच्या साहेबांच्या मुलीचं लग्न. तिथेच गायचं, हा त्याचा हट्ट. हिने साफ नाही म्हटलं.

त्याआधीच्या रविवारी मी पोळ्या करत होते. वरून किंचाळी आली. भाभी गॅलरीतून म्हणाल्या, "आज तो जान ही निकाल देगी!"

"नई चीज़ है जी," मी ऐटीत सांगितलं आणि तव्यावरची पोळी उलटली.

पुढची लाटताना हात थांबला. ती आधी पियानोवर सूर वाजवून बघायची, मगच तोंड उघडायची. आज पियानो वाजलाच नव्हता.

तशीच धावले. दार नुसतं लोटलेलं. भावाने तिला पियानोवर उताणं पाडलं होतं, दोन्ही हात गळ्यावर. "नवं गातेस? गा आता! गा!" ती पाय झाडत होती.

"अरे, सोड तिला!"

"काकू, घरातला मामला आहे. तुम्ही जा."

हातात लाटणं होतं, ते त्याच्या मनगटावर घातलं. कट् असा आवाज झाला. तरी दुसरा हात सुटेना, म्हणून कपाळावर घातलं. रक्त माझ्या पदरावर उडालं. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. वाईट वाटतं त्या पोळीचं, जी मी शांतपणे भाजून घेतली.

भावाला पोलीस घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, महिनाभर बोलायचंसुद्धा नाही, पुढचं सांगता येत नाही. शुक्रवार तसाच गेला.

ती मैत्रिणीकडे पुण्याला निघाली. खाली टॅक्सी उभी. मानेवर बोटांचे काळेनिळे ठसे. मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "अगं, नाहीच जमलं तर मुलांना शिकव. तेही चांगलंच."

तिने माझ्याकडे रोखून बघितलं. मग माझा हात ओढून तिने आपल्या गळ्यावर ठेवला. ऐकू काहीच आलं नाही. पण तळव्याखाली बारीकशी थरथर उठली. तुटली. पुन्हा उठली आणि हळूहळू वर चढायला लागली.