सीतादहीचा घास

वर्ध्याला गाडीतून उतरता उतरता सुहासने मला पुन्हा बजावलं, "आई, तिथे वाद घालू नकोस."

"वाद घालायला मी नाशिकहून एवढ्या लांब आलेय का?" मी म्हटलं. पण त्याचं काही चुकत नव्हतं. जन्मभर शाळेत शिकवून माझी जीभ धारदार झालीय, आणि काम नाजूक होतं. सुहासला जिच्याशी लग्न करायचं आहे ती माधुरी हिंगणीजवळच्या एका खेड्यातली, हिंदू शेतकऱ्याची मुलगी. आम्ही ख्रिस्ती. धर्म कुणीच बदलायचा नव्हता, लग्न नोंदणी पद्धतीने व्हायचं होतं. तरी तिच्या वडिलांनी, बाबारावांनी, निरोप पाठवला होता की आधी मुलाची आई पाहीन, मगच होय की नाही ते सांगीन.

स्टँडसमोर तर्रीपोहे खाल्ले. तर्री (तिखटजाळ रस्सा) एवढी झणझणीत की सुहासचे डोळे भरून आले. 

एसटीत शेजारी बसलेल्या बाईंचं लक्ष माझ्या गळ्यातल्या क्रुसाकडे गेलं.

"तुमच्यात देव किती असते वो?"

"एकच."

"बाप्पा! एकट्यालेच सारं पाहा लागते!" त्या खरोखर हळहळल्या. मला हसू आलं आणि जरा बरंही वाटलं. सेलू मागे पडलं तशी कपाशीची शेतं सुरू झाली. बोंडं नुकती फुटू लागली होती, मधून तुरीच्या ओळी होत्या आणि दूर बोर धरणाकडे सागाचे डोंगर दिसत होते.

हिंगणीला बाबाराव ऑटो घेऊन उभे होते. उंच, कमी बोलणारा माणूस. "घरी कोनी नाई," ते म्हणाले. "आज सीतादही हाय. वावरातच (शेतातच) चला."

सीतादही म्हणजे काय, ते वाटेत सुहासने हळूच सांगितलं. कापसाच्या पहिल्या वेचणीआधी शेतातच दगड मांडून पूजा करतात आणि दहीभाताचा नैवेद्य दाखवतात. एकच देव मानायचा आणि कुठल्या मूर्तीपुढे वाकायचं नाही, हे मी रविवारच्या शाळेत शिकले, आणि पुढे शिकवलंही. नैवेद्याचं खायचं नाही, हा आमच्या घरचा नेम. आणि नेमकी आजच मी इथे येऊन पोचले होते.

धुऱ्याजवळ (बांधाजवळ) शेतातलेच पाच दगड मांडले होते, त्यांना हळदकुंकू लावलं होतं. माधुरीची आई कपाशीच्या झाडाला सुताचा धागा गुंडाळत होती, माधुरी तिच्या शेजारी उभी होती. मी चपला काढल्या आणि बाजूला उभी राहिले. पूजा झाली. दहीभाताचे घास चारी दिशांना शेतात फेकले गेले, उरलेला भात वाटायला घेतला. माधुरीच्या आईने पहिला घास माझ्यापुढे धरला.

"घ्या बाई. पहिला पाहुण्याचा."

माझा हात पुढे झाला नाही. "मला नको," मी म्हटलं.

माधुरी खाली बघू लागली. सुहासचा चेहरा उतरला. बाबाराव पुढे आले.

"काऊन? आमच्या हातचं चालत नाई काय तुमाले?"

हे असं ऐकावं लागेल, असं माझ्या ध्यानीमनी नव्हतं. माझ्या आजीला तिच्या गावात पाणी वरून ओंजळीत ओतत. हातचं न घेणं म्हणजे काय, ते आमच्या घरात कुणाला समजावून द्यावं लागलं नाही. आणि आज तोच दोष माझ्यावर आला होता.

"हातचं चालतं," मी म्हटलं. "नैवेद्याचं चालत नाही. आम्ही एकच देव मानतो, दुसऱ्या कुणाला वाहिलेलं खात नाही. तुमचा अपमान करायचा नाही मला. तुमच्या शिदोरीतली भाकरी द्या, आत्ता खाते."

माधुरीच्या आईने नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कपाशीच्या ओळीत ठेवलेलं शिदोरीचं फडकं सोडलं, ज्वारीची भाकरी मोडली आणि वर ठेचा ठेवून अर्धी मला दिली. उरलेली अर्धी त्या स्वतः खाऊ लागल्या. आम्ही दोघी तिथेच मातीत बसलो. ठेच्याने माझे कान तापले, पण मी पाणी मागितलं नाही.

बाबाराव उभेच होते. "एक सांगा," ते म्हणाले. "माही पोरगी तुमच्या घरी आली अन् तिनं असे दगड मांडले, तं?"

सुहास माझ्याकडे बघत होता. गोड बोलून वेळ मारून नेता आली असती. पण देवाविषयी विचारल्यावर खोटं बोलायचं, तर त्याला मानून काय उपयोग?

"मला वाईट वाटेल," मी म्हटलं. "मी हात जोडणार नाही. पण तिचे दगड उचलून फेकणारही नाही, आणि कुणाला फेकू देणार नाही."

"इचार करतो," बाबाराव म्हणाले आणि ऑटो बोलवायला निघून गेले.

ऑटोने आम्ही परतलो. हिंगणीच्या स्टँडवर बस लागली, आम्ही चढलो. तेवढ्यात बाबारावांच्या मोटारसायकलवरून माधुरीच्या आई उतरल्या आणि खिडकीशी येऊन त्यांनी माझ्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी दिल्या.

"इहीनबाई (विहीणबाई)," त्या म्हणाल्या, "पुढच्या सीतादहीले येजा. तुमचा भात मी पूजेच्या आंधीच बाजूले काढून ठेवीन."

मागे बाबारावांनी मान हलवली, जेमतेम, पण हलवली. बस सुटली आणि सुहासने माझा हात घट्ट धरला.

वर्ध्याला गाडीत बसल्यावर मी फडकं सोडलं आणि जेवणाआधीच्या प्रार्थनेसाठी डोळे मिटले. या भाकरीबद्दल, ती देणाऱ्या बाईबद्दल देवाचे आभार मानायचे होते. तेव्हा लक्षात आलं, देव एक की अनेक यावर दिवसभर बोलले, पण त्या बाईंचं नाव काही विचारलं नाही.

मी डोळे उघडले. "सुहास, माधुरीच्या आईचं नाव काय रे?"

"सिंधू."

मी पुन्हा डोळे मिटले.